आधी पुरावा, मग भांडण
बँकेतल्या माणसानं तुमचा कर्जाचा उतारा भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, म्हणताय. माझ्या मेहुण्याचंही असंच झालेलं. अशोक चौकाजवळ चार माग त्याचे. हप्ते थकल्याचं सूतवाल्याला कळलं नि उधारी बंद!

भांडायला नंतर जा, नाहीतर तो मेसेज डिलीट करून मोकळा. आधी स्क्रीनशॉट घ्या. नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मग शाखेत लेखी तक्रार द्या, पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तोही फुकट. फौजदारीला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ७२अ आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. मात्र उतारा घरातल्याच कुणी फोडला असेल, तर लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही, वकीलच गाठा.