शब्दचर्चा: मॉडेल रेल्वेच्या टिपणात ‘सांधा’ कशाला म्हणायचं?

तापीकाठ:
छंद मंडळातल्या मुलांसाठी 1:87 प्रमाणातल्या रेल्वेच्या जोडणीचं मराठी टिपण तयार होतंय. त्यात एक ओळ आहे: ‘क्रॉसिंगपुढचे दोन्ही सांधे प्लास्टिकचे घ्यावेत.’ (क्रॉसिंग म्हणजे मार्ग फुटताना दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा.) एका वाचकाने याचा अर्थ दोन रूळ जोडणारी चिमुकली पट्टी असा घेतला. दुसऱ्याला वाटलं, गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारी अख्खी रचनाच प्लास्टिकची हवी. सांधेवाला हा शब्द बघता दुसऱ्याचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं? शिवाय गेज आणि स्केल या दोन्हींना ‘माप’ लिहिलंय. चालेल का?

भुसावळ_यार्ड:
नाही चालणार, दोन्ही नाही.

सांधा बदलणे, सांधेवाला हे शब्द मराठीत पक्के रुजलेले आहेत. म्हणून मार्ग बदलण्याच्या रचनेलाच सांधा म्हणा आणि रुळाला रूळ जिथे मिळतो तिथे ‘जोड’ लिहा. त्या पट्टीला फिशप्लेट म्हणू नका. खरी फिशप्लेट रुळाच्या कमरेला दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळतात. मॉडेलमधली पट्टी रुळाच्या तळाला खालून कवटाळते. ‘जोडपट्टी’ पुरे. धातूची ती धातूची जोडपट्टी, वीज तोडणारी ती प्लास्टिकची जोडपट्टी.

तुमची ओळ अशी लिहा: ‘क्रॉसिंगच्या नाकापुढे निघणाऱ्या दोन आतल्या रुळांना प्लास्टिकची जोडपट्टी लावा.’ नाक म्हणजे क्रॉसिंगचं टोक. कारणही तिथेच द्या, नाहीतर मुलं हाताला लागेल ती पट्टी लावतात. क्रॉसिंग धातूचं आणि वीजवाहक असेल, तर सांधा फिरला की त्याची बाजूही बदलते, म्हणजे कधी डाव्या रुळाची वीज, कधी उजव्या. पुढचे रूळ धातूच्या पट्टीने जोडलेले असतील आणि त्यांना पुढून वेगळा फीडर (रुळाला वीज देणारी तार) दिला असेल, तर सांधा फिरवताच शॉर्ट. गाडी रुळावर नसली तरी शॉर्ट. म्हणून सांध्याला फीडर जिभेच्या (हलणाऱ्या टोकदार रुळाच्या) बाजूने द्यायचा, क्रॉसिंगची वीज सांध्यासोबत हलणाऱ्या मायक्रोस्विचमधून घ्यायची, आणि प्लास्टिक पट्टीच्या पलीकडच्या रुळांना स्वतंत्र फीडर द्यायचा.

जीभ म्हणजे टंग रेल. हा शब्द सरळ मराठीत येतो, घ्या बिनधास्त. क्रॉसिंगसाठीचा ‘फ्रॉग’ हा शब्द मात्र सोडा. भारतीय रेल्वे क्रॉसिंगच म्हणते, आणि ‘बेडूक’ लिहिलंत तर पोरं हसतील.

चाळीसगाव_जंक्शन:
भो, ‘जोड’ मान्य. पण सांध्याऐवजी ‘फाटा’ का नको? आपल्याकडे रस्ता फुटतो त्याला फाटाच म्हणतात, मुलांना लगेच कळेल. सांधा म्हटलं की गुडघाच आठवतो.

भुसावळ_यार्ड:
फाटा म्हणजे फुटलेली वाट, पुढे जाणारी. चाळीसगावहून धुळ्याला जाते तो फाटा. वाट जिथे फुटते तिथली हलणारी यंत्रणा म्हणजे सांधा. दोन्ही ठेवा: ‘सांधा फिरवला, गाडी फाट्यावर गेली.’ सांध्याचा कोन सांगताना ‘एकास सहा’ असं लिहा, म्हणजे सहा भाग पुढे गेल्यावर फाटा एक भाग बाजूला जातो. खऱ्या मार्गावर एकास बारा आणि एकास साडेआठ दिसतात. टेबलावर एवढी लांबी परवडत नाही.

पीजे_पाचोरा:
गेज आणि स्केलवर सविस्तर लिहितो, कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

प्रमाण म्हणजे स्केल: खऱ्याच्या किती पट लहान. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, ते मिलिमीटरमध्ये. ‘एचओ’ हे प्रमाण आहे, 1:87. त्याचा नेहमीचा रूळ 16.5 मिमीचा. 16.5 ला 87 ने गुणलं की 1435 मिमी, म्हणजे युरोप-अमेरिकेचं गेज. आपली ब्रॉडगेज 1676 मिमी. तिला 1:87 मध्ये 19.3 मिमी लागतात. त्यामुळे बाजारच्या रुळावर आपलं इंजिन ठेवलं की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात, प्रत्येक बाजूला जवळपास 1.4 मिमी. टिपणात ‘माप 16.5’ एवढंच लिहिलं तर हे कुणाला कळणारच नाही.

1:76 घेतलं तर आणखी बिघडतं, तिथे 22 मिमी हवेत. उलट 1:100 घ्या: 1676 भागिले 100, म्हणजे 16.76. बाजारचा 16.5 चा रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो. वास्तुविशारदांची झाडं-माणसं याच प्रमाणात मिळतात. अडचण एकच, इंजिन-डब्यांचा अख्खा सांगाडा स्वतः करावा लागतो. आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातल्या) डब्याची 21.34 मीटरची बॉडी 1:100 ला 213 मिमी होते, 1:87 ला 245.

पाचोरा-जामनेर या नॅरोगेज लाइनचं मॉडेल करणाऱ्यांचं नशीब मात्र चांगलं. त्या लाइनचं मूळ गेज 762 मिमी. 1:87 मध्ये 8.76 मिमी होतात, आणि ‘एन’ या आणखी लहान प्रमाणाचा तयार रूळ 9 मिमीचा असतो. फरक पाव मिलिमीटर. फक्त तयार रुळाचे स्लीपर फार बारीक आणि दाट असतात. ते कापून मोठे, विरळ बसवावे लागतात. ब्रॉडगेज आणि नॅरोगेज एकाच प्रमाणात शेजारी मांडता येतात, म्हणून पाचोरा स्टेशन करायला उत्तम. (पूर्ण 56 किलोमीटर करायची असेल तर 640 मीटरपेक्षा लांब खोली शोधा.)

तापीकाठ:
म्हणजे ‘प्रमाण’ आणि ‘गेज’. रुळावर ‘कोड 83’ असं लिहिलेलं असतं, त्याला काय म्हणू?

पीजे_पाचोरा:
कोडच म्हणा, पण अर्थ सांगा: रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड 83 म्हणजे 2.1 मिमी, कोड 100 म्हणजे 2.54. खरा रूळ आपण वजनाने ओळखतो, बावन्न किलो, साठ किलो, म्हणजे दर मीटरला तेवढं वजन. साठ किलोचा रूळ 172 मिमी उंच, 1:87 मध्ये 1.98 मिमी. म्हणजे कोड 83 जवळचा. बावन्न किलोला 156 मिमी, त्याला कोड 70 चपखल. कोड 100 टाकलात तर रूळ 22 सेंटीमीटर उंच असल्यासारखा दिसेल.

तारेच्या बाबतीत ‘गेज’ शब्द टाळा, नाहीतर तिसरा गोंधळ. आपल्याकडच्या दुकानात तार चौरस मिमीमध्येच मागतात: टेबलाखालच्या मुख्य तारेला 1.5, फीडरला 0.5.

चाळीसगाव_जंक्शन:
वळणाचंही बघा. त्रिज्या लिहाल की डिग्री?

भुसावळ_यार्ड:
टिपणात त्रिज्या. पण रेल्वेतला माणूस डिग्रीत बोलतो, तेव्हा सूत्र देऊन ठेवा: 1750 ला मीटरमधल्या त्रिज्येने भागा. ब्रॉडगेजचं सगळ्यात तीव्र वळण 10 डिग्री, म्हणजे 175 मीटर. 1:87 मध्ये ते दोन मीटर होतं. तयार संचातलं 457 मिमीचं वळण याच हिशेबाने 44 डिग्रीचं! त्यावर छोटं इंजिन फिरेल, पण आयसीएफ डब्यांचा मधला भाग आतल्या बाजूला रुळाबाहेर येतो, बफर एकमेकांत अडकतात. डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट त्रिज्या ठेवा, म्हणजे 735 मिमी.

तापीकाठ:
आणि जोडातल्या मोकळ्या जागेला ‘फट’ बरोबर ना?

भुसावळ_यार्ड:
फटच. आणि आपल्या भागात ती विसरून चालत नाही. निकेल सिल्व्हरचा 914 मिमीचा रूळ तापमान 30 अंशांनी वाढलं की जवळपास अर्धा मिलिमीटर लांबतो. डिसेंबरात पहाटे रूळ टोकाला टोक भिडवून ठोकले की मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ते मधूनच कमानीसारखे उचलतात. हिवाळ्यात ठोकाल तर अर्धा मिमी फट, मेमध्ये ठोकाल तर फट नको. जोडपट्टीला डाग देऊन (सोल्डर करून) बुजवू नका, रूळ सरकायला हवा. वीज जोडपट्टीच्या भरवशावर सोडायची नाही, प्रत्येक तुकड्याला फीडर डागायचा.

केळीचा_खांब:
एक राहिलं. रुळांखाली पसरतात त्या दगडांना ‘खडी’ लिहा नाहीतर ‘गिट्टी’, माझ्या लेखी दोन्ही चालतील, जळगावात गिट्टीच ऐकू येईल. पण क्रशरची काळी कच वापरणार असाल तर आधी बारीक चाळणीतून काढा: 1:87 ला अर्ध्या मिमीच्या आसपासचा दाणा हवा. मग कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यातून दोनतीनदा फिरवा. काळ्या दगडात मॅग्नेटाइटचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरला चिकटतात. पांढरा गोंद एक भाग, पाणी दोन भाग, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. जिभांच्या आसपास मात्र गोंद ड्रॉपरने टाकायचा नाही, नाहीतर सांधा चिकटून बसतो. तिथे गोंद आधी ब्रशने लावायचा आणि दाणे वरून भुरभुरायचे.