चर्चा: पुढच्या साथीत पोलिसांना वाचवायचं तर मास्क की ड्युटीची नवी मांडणी?

नाक्यावरचा पोरगा
एप्रिल २०२०, कोरोनाची साथ. पाच्छा पेठेचा भाग सील झालेला आणि वडील तिथं हवालदार. पत्र्याच्या बॅरिकेडशेजारी बारा तास, सोलापूरचं ऊन, घामानं भिजलेला मास्क. सगळ्यांना वाटायचं, लागण झाली तर ती नाक्यावरच होणार. माझं मत वेगळं आहे. उघड्यावर लांब उभ्या माणसाला धोका तुलनेनं कमी. ड्युटी सुटल्यावर सात जण एका गाडीत काचा लावून बसायचे, मग बंद खोलीत मास्क काढून एकत्र डबे उघडायचे. त्या सातांतले पाच आजारी पडले, वडीलही. विषाणू हवेतून पसरतो, तर आधी हवेचं बघा. कायमच्या छोट्या टोळ्या करा, एकीची गाठ दुसरीशी पडू नये. हजेरी मैदानात घ्या. गाडीच्या काचा खाली. मास्क त्यानंतर.

लाइनीतला
बोलायला काय जातंय बे! टोळ्यांना माणसं कुठून आणायची? नाके, क्वारंटाईन सेंटर, सिव्हिलचा बंदोबस्त, कर्नाटकच्या हद्दीवर गाड्या अडवायच्या, सगळं त्याच माणसांवर. मुंबईत पंचावन्नच्या पुढच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितलं होतं. निर्णय बरोबरच, वयस्कांना धोका जास्त. पण त्यांची ड्युटी तरुणांच्या डोक्यावर पडते ना. टोळीतला एक पॉझिटिव्ह आला की अख्खी टोळी घरी, मग नाका मोकळा सोडायचा का?

नाक्यावरचा पोरगा
एक टोळी घरी बसेल. टोळ्याच नसतील तर अख्खं ठाणं बसेल.

स्पष्ट_बोलतो
थोडं पोलिसांचंही चुकतं. मास्क हनुवटीवर, चहा एकाच टपरीवर खांद्याला खांदा लावून. साहेब आले की मास्क वर, गेले की खाली. शिस्त नसेल तर मांडणी काय करणार?

वर्दीवाल्याची बायको
बेचाळीस डिग्रीत बारा तास एन-९५ लावून बघा, मग शिस्तीवर बोलू. आमच्या क्वार्टरला एक खोली नि मोरी. हे दारातच वर्दी काढून साबणाच्या बादलीत टाकायचे, पोरगी लांबूनच "बाबा" म्हणायची. आत सासूबाई, बीपी नि शुगरच्या. हे पॉझिटिव्ह आले तेव्हा फोन आला, वेगळ्या खोलीत ठेवा. मोरीत ठेवू का? शाळा तर सगळ्या बंद पडल्या होत्या. दोन वर्गखोल्यांत गाद्या टाकून ड्युटीवाल्यांना झोपायला जागा दिली असती तर निम्मी घरं वाचली असती. टोळ्यांवर तुमचं भांडण चालू द्या, पण घराचं कोणी बोललंच नाही.

नाक्यावरचा पोरगा
ताई, बरोबर आहे, ते माझ्या यादीत नव्हतं. आमच्याकडे पैसा गेला तो ठाण्याच्या दारातल्या फवारणीच्या बोगद्यावर. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं त्याच एप्रिलमध्ये सांगितलं होतं. तरी वडील रोज डोळे चोळत घरी यायचे.

स्पष्ट_बोलतो
आता लस आहे की ओ. फेब्रुवारी २०२१ पासून पोलिसांना मिळायला लागली होती.

लाइनीतला
म्हणजे साथ आल्यावर दहा महिन्यांनी. नवा विषाणू आला तर लस पहिल्या दिवशी थोडीच असणार? त्या दहा महिन्यांचं बोला. आणि पोरा, काचा खाली करायला माणूसबळ लागत नाही, एवढं मान्य. फक्त आमच्या गाडीच्या मागच्या काचा गंजून बसल्यात, दोघांनी जोर लावला तरी हलत नाहीत.