सुई खराब आहे की वाजवणाराच असा?

पेटीवाला (महाल):
नमस्कार मंडळी. आमचे मोठे काका रेल्वेत होते. मागच्या वर्षी ते गेले आणि त्यांचा रेकॉर्ड प्लेअर आणि खोकंभर रेकॉर्डी आमच्याकडे महालात आल्या. बहुतेक नाट्यसंगीत. त्यात एक परदेशी निघाली, 'द बेस्ट ऑफ लिटल वॉल्टर'. काकांकडे ती कुठून आली, हे विचारायला आता कोणी उरलं नाही.

दुसऱ्या बाजूला पहिलाच तुकडा आहे 'ज्यूक'. गाणं नाही, नुसता माउथ ऑर्गन, तीन मिनिटांच्या आत आटपतो. आठवडा झाला, मी तेवढंच ऐकून राहिलो. तेही मध्यरात्री कूलर बंद करून, घामाच्या धारांत. कूलर चालू असला की त्याच्यापुढे कोणाचंच चालत नाही.

अडचणी दोन. आवाज फाटल्यासारखा येतो. बाकी रेकॉर्डी याच सुईवर ठीक वाजतात, तरी सुई बदलू का?

दुसरी अडचण जास्त छळते. घरी चोवीस भोकांचा माउथ ऑर्गन आहे, शाळेच्या गॅदरिंगपासूनचा. त्यावर यातला एक सूर धड सापडत नाही. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतो मी, सूर सापडत नाही असं सहसा होत नाही. हा बुवा शुद्ध गंधारावरून घसरतो आणि कोमल गंधाराच्या जरा अलीकडे लोंबकळत राहतो. आत रीडच असतात ना, पेटीसारखे? मग ही मींड आली कुठून?

तीन नंबर भोक:
काका, सुईला हात लावू नका. तो आवाज फाटकाच आहे आणि मुद्दाम फाडलेला आहे. लिटल वॉल्टर छोटा माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही एकाच ओंजळीत घट्ट धरायचा आणि माइकची वायर गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडायचा. ॲम्प्लिफायरला तेवढा जोर सोसत नाही, तो गुरगुरतो. शिकागोतल्या गोंगाटात इलेक्ट्रिक गिटारपुढे ऐकू जायचं तर दुसरा इलाज नव्हता, आणि याने त्या इलाजातूनच नवा आवाज काढला. 'ज्यूक' १२ मे १९५२ ला रेकॉर्ड झालं, तेव्हा तो बावीस वर्षांचा. शिकागोतला गाणारा-गिटारवाला मडी वॉटर्स, त्याच्या बँडमध्ये होता. रेकॉर्ड अमेरिकेतल्या आर अँड बी, म्हणजे रिदम अँड ब्लूजच्या लोकप्रिय रेकॉर्डींच्या यादीत पहिल्या नंबरावर गेली आणि पठ्ठ्याने स्वतःचा बँड काढला.

आता मींड. तुमचा चोवीस भोकांचा ट्रेमोलो. त्यात प्रत्येक रीडला वेगळी खोली, म्हणून सूर जिथे आहे तिथेच राहतो. ब्लूजवाले, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे संगीत वाजवणारे, दहा भोकांचा वाजवतात. त्यात एकाच भोकात दोन रीड, एक फुंकायचा, एक ओढायचा. श्वास आत ओढताना जीभ मागे घेऊन तोंडाची पोकळी बदलली की दोन्ही रीड एकमेकांना ओढतात आणि वरचा सूर खाली झुकतो. याला बेंड म्हणतात. सी पट्टीच्या माउथ ऑर्गनवर तीन नंबरचं भोक ओढलं तर बी हा सूर लागतो, आणि तो झुकवत झुकवत तीन अर्धस्वर खाली नेता येतो. वाटेत कुठेही थांबा, कोणी अडवत नाही.

आणखी एक मेख आहे. हे लोक माउथ ऑर्गनच्या स्वतःच्या पट्टीत वाजवतच नाहीत. सी पट्टीचा घेतात आणि जी या सुराला सा धरतात, म्हणजे त्याच्या पंचमाला सा करतात. मग मुख्य सूर ओढून वाजवायचे होतात, आणि झुकतात ते हेच. तुमचा गंधार म्हणजे तेच तीन नंबर. 'ज्यूक' ई पट्टीत आहे, त्यासाठी ए पट्टीचा माउथ ऑर्गन लागेल.

अजनीचा शंट्या:
राजेहो, रेल्वेवाल्या काकांचं नाव निघालं म्हणून लिहून राहिलो. डीफोर्ड बेली ऐका. १९२७ ची रेकॉर्ड आहे, 'पॅन अमेरिकन ब्लूज'. पॅन अमेरिकन ही तिकडची गाडी, आणि हा एकटा माणूस एका माउथ ऑर्गनवर ती अख्खी गाडी वाजवतो. इंजिन वेग घेतं, शिटी लांबते, सगळं. माझं बालपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरात गेलं, वाफेचं इंजिन मी ओळखतो बाप्पा. नॅशविलच्या रेडिओवर तो गाजलेला होता. १९४१ ला त्याला काढून टाकलं, पुढे बूटपॉलिशचं दुकान चालवलं. हे कळल्यापासून माझ्याने ती गाडी नुसती मजा म्हणून ऐकवत नाही.

धरमपेठी:
एवढं शिकागोला कशाला जाता? १९५८ च्या 'है अपना दिल तो आवारा' मध्ये आर. डी. बर्मननी वाजवलेला माउथ ऑर्गन ऐका की.

तीन नंबर भोक:
ऐकलाय, गोड आहे. पण काकांनी गोडाचं विचारलं नव्हतं.

बरं काका, पुढे सनी बॉय विल्यमसन ऐकाल तर सांभाळून, या नावाचे ब्लूजचे माउथ ऑर्गनवाले दोन आहेत. पहिला जॉन ली, १९३७ पासून रेकॉर्डवर, १९४८ ला शिकागोत त्याचा खून झाला. दुसऱ्याला राइस मिलर म्हणायचे. पहिला जिवंत असतानाच त्याने तेच नाव लावलं आणि १९४१ पासून आर्कान्सामधल्या हेलेना गावच्या रेडिओवर पिठाच्या जाहिरातीच्या कार्यक्रमात वाजवू लागला. नाव चोरलं खरं, पण माझ्या कानाला दुसराच जास्त भावतो. कमी वाजवतो, जागा सोडतो.

पेटीवाला (महाल):
सगळ्यांचे आभार. एचा मागवला, परवा आला. केवढासा! मुठीत लपतो.

आमचे बाबाही पेटी वाजवायचे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली, तिच्यावरच्या तक्रारींत एक मोठी हीच की तिच्यात मींड येत नाही. बाबांसमोर तो विषय निघाला की जेवण थंड व्हायचं. त्याच जातीचा रीड, नुसता भात्याऐवजी तोंडाला लावला, तर झुकतो! हे बाबांना दाखवायला हवं होतं. बहुतेक तरीही चिडलेच असते.

चार नंबरचं भोक थोडं झुकायला लागलंय. तीन नंबर नाही. ओढून ओढून चक्कर येते ते वेगळंच.

आणि ती रेकॉर्ड कडेला किंचित लहरते आहे, उन्हाने असेल. दिवाणाखाली आडवी ठेवू?

तीन नंबर भोक:
उभी ठेवा. आणि काहीही झालं तरी गच्चीवरच्या खोलीत नको.