विषय: बाबांच्या पद्मिनीतून शेगाव ते हेमलकसा

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या संक्रांतीच्या बैठकीला मी नसेन, कारण सध्या भारतात, परतवाड्याला येऊन राहिलो आहे. बाबांची १९८३ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, सात वर्षं टिनाच्या शेडखाली कोंबड्यांच्या ताब्यात होती. धाकट्या भावाने ती चालू केली. शेगावहून निघून अकोला, अमरावती, वर्धा, वरोरा, चंद्रपूर, आलापल्ली करत हेमलकशाला जायचं, असं ठरलंय. सहाशेच्या आसपास किलोमीटर, पाच दिवस. ज्याने त्याने किलोमीटरमागे जमेल तेवढी रक्कम कबूल करावी; जमा होईल ते सगळं भामरागडकडच्या आदिवासी गावांतल्या आरोग्याच्या कामाला. विंटेज गाडीतून अशी फेरी आपल्यापैकी कुणी केलेली नाही, तेव्हा हात आखडू नका राजेहो.

परतवाड्याचा भाऊ

*

भाऊ,

कल्पना छान आहे. पण विंटेज म्हणू नका. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे विंटेजला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तुमची गाडी नुसती जुनी आहे. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची दर पाच वर्षांनी तपासणी आणि नोंदणी लागते, वर हरित कर. सात वर्षं उभी होती म्हणता, मग कागद आधी बघा.

खरी अडचण पैशांची आहे. मंडळाच्या इथल्या, परदेशातल्या खात्यातून गेलेली रक्कम परकीय देणगी धरली जाते. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. एका संस्थेने घेऊन दुसरीला द्यायची सोयही त्याच वेळी गेली. त्यामुळे 'ओळखीच्या ट्रस्टला पाठवू, ते पुढे पोचवतील' हे कुणी सुचवूच नये. अजून भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय धरत नाहीत, ओसीआयवाल्यांचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे, धरतात. आपल्याकडे एकाच घरात नवरा असा आणि बायको तशी आहे, म्हणून आधीच सांगतो.

आणि राग मानू नका, पण विमानाचं तिकीट, पेट्रोल, मुक्काम यांचाच चेक सरळ पाठवला तर?

खजिनदार

*

खजिनदारांनी हिशेब सांगितला, मी फडक्याचं सांगते. आमच्याकडेही फियाटच होती, वरोऱ्याला. उन्हाळ्यात तापली की पाइपातच पेट्रोलची वाफ व्हायची, पंप ओढायचा नाही आणि गाडी भर रस्त्यात बसायची. मग वडील पंपावर ओलं फडकं गुंडाळून आम्हा मुलांना वर पाणी ओतायला बसवायचे. डिसेंबरात लागायचं नाही, तरी एक ठेवच. दुसरं, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, चिरतात. ते बदलल्याशिवाय निघू नकोस.

वेळ मात्र बरोबर निवडलीस. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि मे महिन्यात चंद्रपूरला माणूस शिजतो, गाडीचं काय घेऊन बसलास. आनंदवनात थांबशील ना? हेमलकशाचा प्रकल्प १९७३चा, पण बाबा आमट्यांचं काम आमच्या वरोऱ्यातून सुरू झालं, हे आम्ही वरोरेकर सांगितल्याशिवाय राहत नाही.

काकू

*

मुक्काम वर्धा.

काकू, पाइप बदलले. फडकं आहे, आईच्या जुन्या लुगड्याचं.

कागद निघण्याआधीच करून घेतले होते. विंटेज शब्द मागे घेतो.

खजिनदार, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला राग आलाच होता. पण अकोल्यापर्यंत विचार केला. तिकीट, पेट्रोल, टायर सगळं माझ्या खिशातून आहे, हे पहिल्याच मेलमध्ये लिहायला पाहिजे होतं. गाडी ही माझी हौस आहे. बाबांनी मला तिच्यावर शिकवलं, स्टिअरिंगच्या बाजूचा गियर हाताला अजून आठवतो. पुतण्याला पहिला टाकता येत नाही, याचं मला लहान मुलासारखं सुख होतं. या हौसेला मी सेवा म्हणणार नाही. पण सरळ चेक आपण मागच्या वर्षीही पाठवू शकलो असतो. पाठवला का?

चांदूर रेल्वेपासून कापसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे होतो. जिनिंगपुढे रांगच रांग, त्यामुळे कुणाला घाई नाही. जो तो उतरून बोनेटवर हात फिरवून जातो. "कितीचं ॲव्हरेज देते?" हा एकच प्रश्न सतरा वेळा. पुलगावच्या अलीकडे गाडी झटके देऊन बंद पडली. फाट्यावरचे एक म्हातारे मिस्त्री आले, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, पॉलिश पेपरने पॉइंट घासले आणि माचिसच्या पुठ्ठ्याने गॅप लावला. दोनशे रुपये सांगितले, दिले. (देणगीत धरू नका.) कुठे चाललो, कशासाठी, ते त्यांना मी जरा फुगूनच सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या इथल्या दवाखान्यात डॉक्टर हप्त्यातून दोनदा येते. त्याच्यासाठी बी एखांदी गाडी चालवा ना भाऊ."

मला काही बोलता आलं नाही. हात पुसत वर म्हणाले, "जंगलात उतारावर दुसऱ्यावरच ठेवजा, ब्रेकच्या भरवशावर राहू नका."

उद्या वरोरा.

भाऊ

*

भाऊ,

मागच्या वर्षी पाठवला नव्हता. मान्य.

आतापर्यंत एकोणीस घरांनी रक्कम कबूल केली आहे. पासपोर्टप्रमाणे दोन याद्या केल्या आहेत. प्रत्येकाने थेट संस्थेच्या योग्य त्या खात्यात भरायचे, मंडळाने पैशाला हात लावायचा नाही. मिस्त्रींचं म्हणणं पुढच्या बैठकीच्या विषयांत घेतलं आहे.

हिशेब किलोमीटरवर आहे, म्हणून शेगावला निघताना आणि हेमलकशाला पोचल्यावर मीटरचा फोटो लागेल. शेगावचा काढला असेलच.

खजिनदार

*

काढला आहे. पण मीटर १९९८पासून बंद आहे.

भाऊ