प्रतिसाद: आधी साइट ठरवा, मग दस्ता घडवा

विंचेस्टर लो-वॉल ॲक्शनवर (एका वेळी एकच काडतूस भरायच्या रायफल-यंत्रणेवर) घडवायच्या नव्या रायफलीला कोणती साइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, बसवावी या चर्चेत ‘टेलिस्कोपच बसवावा, डोळ्यांना सोपे जाते’ असे मत आले आहे. शिकारीपुरते ते मला मान्य आहे; परंतु पॉइंट टू-टूची (०.२२ इंची काडतुसाची) ही रायफल ५० मीटरवरील कागदी लक्ष्यासाठी घडवली जात असेल, तर टँगवर (ॲक्शनमागे दस्त्यात जाणाऱ्या धातूच्या पट्टीवर) बसणारी पीप साइट (बारीक छिद्रातून पाहायची मागची साइट) आणि पुढे नळीच्या टोकाशी गोल कडी हीच जोडी मी सुचवेन. या ॲक्शनमध्ये नळीचे मागचे तोंड बंद करणारा ब्लॉक खाली सरकल्यावर काडतूस वरून बोटाने आत सारावे लागते, आणि नेमक्या त्याच जागेवर खाली बसवलेला टेलिस्कोप आडवा येतो. शिवाय ॲक्शन आखूड असल्यामुळे टँगवरील साइटपासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर लांब मिळते. हे अंतर ८०० मिलिमीटर असल्यास मागची साइट ०.१ मिलिमीटर हलली की ५० मीटरवर गोळी सुमारे सव्वासहा मिलिमीटर सरकते. अंतर ६०० असल्यास हीच चूक सव्वाआठच्या पुढे जाते. आंतरराष्ट्रीय लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, हे लक्षात घेता हा फरक मुळीच किरकोळ नाही.

आतापर्यंतच्या चर्चेत दस्त्याचा (खांद्याला व गालाला टेकणाऱ्या लाकडी भागाचा) विचार कोणी केलेला दिसला नाही. टेलिस्कोपची दृष्टिरेषा पीप साइटपेक्षा सहसा बरीच उंच असते, त्यामुळे एकीसाठी कोरलेला गालाचा टेकू दुसरीला जुळत नाही. म्हणून कारागिराला लाकूड देण्यापूर्वीच साइट बसवून घ्यावी, आणि नेहमीच्या पवित्र्यात गाल टेकवून त्याला माप घेऊ द्यावे.