पात्रांची दिनचर्या लेखकाने लिहावी की नियमांवर सोडावी?

खेळिया
कथाप्रधान सिम्युलेशन गेममध्ये गावातल्या पात्रांचा दिवस कोणी ठरवायचा? माझं मत: लेखकाने. तासातासाचं वेळापत्रक हाताने लिहावं, कितीही कंटाळा आला तरी.

'मेजोराज मास्क' (२०००) या व्हिडिओ गेममधला पोस्टमन बघा. तीन दिवसांनी चंद्र कोसळणार आहे. शेवटच्या रात्री जो तो पळतोय आणि हा मिनिटाचा पक्का माणूस खोलीत तळमळतोय, कारण पळून जाणं त्याच्या वेळापत्रकात नाही! तोवर आपण त्याला ठरल्या वेळी टपाल गोळा करताना पाहिलेलं असतं, म्हणून ते मनाला लागतं. "भूक ६०, भीती ८०" अशा आकड्यांतून हा माणूस निघाला नसता.

रातकिडा
असहमत. तीन दिवस हाताने लिहिता येतात हो, तीन वर्षं लिहून दाखवा. 'स्टारड्यू व्हॅली'त ऋतू, वार, पाऊस बघून प्रत्येक गावकऱ्याचा रस्ता लिहिलेला आहे. एकट्या एरिक बॅरोनने केलेला गेम, मेहनतीला सलाम. पण दुसऱ्या वर्षी कोण कुठे सापडेल ते पाठ होतं. गावाचा एसटी स्टँडवरचा फलक होतो.

उलट 'द सिम्स' या गेममध्ये त्याचा निर्माता विल राइटने अक्कल माणसांत (म्हणजे 'सिम' पात्रांत) न ठेवता वस्तूंत ठेवली. फ्रिज पुकारतो 'इथे भूक भागेल', पलंग पुकारतो 'इथे झोप मिळेल'. पात्राची त्या घडीची गरज बघून ज्याचा पुकारा भारी, तिकडे ते जातं. नवी वस्तू आणली की तिचा वापर तिच्यासोबतच येतो.

खेळिया
पाठ होतं तेच तर हवंय. 'स्टारड्यू'तली दुकानदार मार्नी सोमवार-मंगळवार दुकानात नसते म्हणून लोक तिच्या नावाने बोटं मोडतात. फ्रिजकडे जाणाऱ्या सिमवर कोणी असं चिडलंय का?

पहिली_पाळी
मी फावल्या वेळात गिरणगावावर छोटा गेम करतोय, काळ १९८१-८२. सुरुवात खेळिया म्हणतात तशीच केली. भोंगा झाला की पहिली पाळी निघते, रात्रपाळीवाला परत येऊन तिच्याच जागेवर अंग टाकतो, जेवण खाणावळीत. सगळं भोंग्याला बांधलेलं, लिहायला सोपं.

गाडी अडली बदली कामगारापाशी. तो रोज गिरणीच्या फाटकावर जाऊन उभा राहतो. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तरच त्याला काम. म्हणजे याचा दिवस दुसऱ्याच्या तापावर ठरतो. काम मिळालं नाही तर खाणावळीची उधारी थकते, मग खाणावळवाल्या बाईला बाजारहाट करताना हात आखडावा लागतो. हे हाताने लिहायला बसलो तर एकाला ताप आला की चौघांची वेळापत्रकं बदलायची. शेवटी वेळापत्रकं फेकली आणि तीन नियम ठेवले: फाटक, हजेरी, उधारी.

संडासाची रांग तर मी लिहिलेलीच नाही. चाळीच्या मजल्यावर संडास मोजके, भोंगा सगळ्यांना एकच. रांग आपोआप लागते आणि निम्मी भांडणं तिथेच होतात.

खेळिया
भारी आहे, मानलं. पण १८ जानेवारी १९८२ ला काय कराल? संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तुमच्या नियमांना एवढंच कळणार की 'काम: नाही'. गिरणी बंद असूनही पाळीच्या वेळी जाग येऊन बसलेला माणूस कोणत्या नियमातून येईल? तो लेखकालाच आणावा लागेल.

पहिली_पाळी
येतो की. उठायची वेळ मी गेल्या काही आठवड्यांच्या सरासरीवरून काढतो, त्यामुळे संपानंतर ती एकदम बदलत नाही, रोज थोडी सरकते. म्हाताऱ्यांची फारच हळू, कारण त्यांच्या सवयीला वजन जास्त दिलंय. कोणी गावी निघून जातो, खाणावळीतलं एकेक ताट कमी होतं. यातलं एकही दृश्य मी लिहिलेलं नाही.

प्रॉम्प्टपंत
मंडळी, २०२३ मध्येच स्टॅनफर्डच्या चमूने हा वाद निकालात काढलाय. पंचवीस पात्रांचं गाव, प्रत्येकामागे भाषा मॉडेल (माणसासारखा मजकूर लिहिणारं एआय), स्वतःची आठवण, स्वतःचं दिवसाचं नियोजन. एका पात्राच्या मनात व्हॅलेंटाइन पार्टीचा विचार घातला, तर निमंत्रणं आपसूक गावभर फिरली आणि काहीजण वेळेवर हजरही झाले. नियम कशाला लिहिताय?

रातकिडा
पंत, तोच शोधनिबंध पुढे वाचा. एका वेळी एकानेच वापरायच्या बाथरूममध्ये पात्रं खुशाल दुसऱ्याच्या मागोमाग शिरत होती. चाळीतल्या रांगेचं काय होईल? बंद झालेल्या दुकानांतही जात होती. आणि सगळी कमालीची सभ्य, क्वचितच कोणाला नाही म्हणत. उधारी थकली की खाणावळवालीने कडाडायला हवं. ही पात्रं एकमेकांचे आभार मानतील. खर्च ऐकाल तर दोन दिवसांच्या खेळाला हजारो डॉलर.

प्रॉम्प्टपंत
खर्च कमी होईल. सभ्यपणाचाही बंदोबस्त होईल.

कोपऱ्यावरची
दोन्ही बाजू वाचल्या. पहिली_पाळी, तुम्ही सगळ्या पुरुषांच्या पाळ्या मांडल्यात. खाणावळवाली बाई कोणत्या पाळीत? तिन्ही पाळ्यांची माणसं जेवणार, म्हणजे तिला तिन्हींच्या आधी उठायचंय आणि तिन्हींच्या नंतर भांडी घासायचीत. तुमच्या कोडात ती फक्त उधारीचा आकडा दिसते. तिला झोपेची गरज आहे का?

खेळिया
घ्या. हिचा दिवस तरी हाताने लिहा आता.

पहिली_पाळी
झोप नाहीये तिला. खाणावळ ही वस्तू म्हणून केली होती, फ्रिजसारखीच, त्यामुळे ती कधीच बंद होत नाही. हाताने मात्र लिहिणार नाही. तिलाही इतरांसारखीच झोप देतो आणि जेवणाच्या वेळा तशाच ठेवतो. पहिल्या आठवड्यात ती आजारी पडेल असा माझा अंदाज आहे, मग मजल्यावर जेवायला कोण घालतं ते बघू. दोन दिवसांत चालवून इथेच टाकतो.