जुन्या जी. आय. जो फिगर्सची दुरुस्ती : गावात राहून काय करता येईल? सल्ला हवा

धुऱ्यावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात एका लहान गावात शिक्षक आहे. मे महिन्याच्या सुट्टीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तेव्हा तिच्या तळाशी एका गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या लहानपणीच्या चार जी. आय. जो फिगर्स, म्हणजे हातपाय हलणारे प्लॅस्टिकचे खेळण्यातील सैनिक, सापडल्या. या फनस्कूल कंपनीने भारतात काढलेल्या, पावणेचार इंची आहेत. मामा नागपूरला गेले की सीताबर्डीतून एखादी घेऊन येत आणि ती मिळेपर्यंत मी एस. टी. थांब्यावर बसून राहत असे.

अवस्था अशी आहे. दोघांचे कमरेतून दोन तुकडे झाले आहेत, म्हणजे धड एकीकडे आणि पाय दुसरीकडे. तिसऱ्याचा हात कोपरातून हलत नाही आणि त्याला कारण मीच आहे. ते खाली सांगतो. चौथ्याचा मऊ रबरासारखा पट्टा आणि टोप इतके चिकट झाले आहेत, की हात लावला तर बोटाला ओढ बसते. याशिवाय गेल्या महिन्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘उत्तम स्थितीत’ म्हणून एक फिगर मागवली, तिचे खांदे इतके ढिले निघाले की हात वर केला तरी आपोआप खाली पडतो. परत घेणार का असे विचारल्यावर उत्तर आले नाही.

कोपराची गोष्ट अशी, की तो सांधा थोडा चिरलेला दिसला म्हणून मी उत्साहाच्या भरात त्यात फेव्हिक्विकचा एक थेंब सोडला. थेंब चिरेत न थांबता आत उतरला आणि मिनिटभरात कोपर दगडासारखे झाले.

आमच्याकडे छंदाच्या वस्तूंचे दुकान नाही, तालुक्याच्या गावीही नाही. तेव्हा इथल्या इथे मिळणाऱ्या सामानातून काय करता येईल, आणि उन्हाळ्यात या वस्तू कशा ठेवाव्यात, हे जाणकारांनी सांगावे. मुलगी सात वर्षांची आहे. तिला या खेळायला द्याव्यात की काचेच्या कपाटात ठेवाव्यात, याबद्दलही मत हवे आहे.

कारागीर_आर्वी

गुरुजी, सर्वांत आधी गोंदाची नळी कपाटात ठेवून द्या. तुमच्या पहिल्या दोन फिगर्स तुटलेल्या नाहीतच. या प्रकारच्या जी. आय. जोमध्ये, म्हणजे १९८२ पासून हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने काढलेल्या पावणेचार इंची मांडणीत, पाय आणि धड यांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे आतली रबराची एक बारीक कडी. पाय धातूच्या एका आकड्यावर बसतात, आकडा कमरेच्या तुकड्यातून वर येतो आणि कडी त्या आकड्याला धडाच्या आतल्या खुंटीशी ताणून बांधते. रबर वयोमानाने कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात आणि एक दिवस ती तुटते. मग पाहणाऱ्याला वाटते की सैनिकाची कंबर मोडली. प्रत्यक्षात मोडलेली असते ती पाच रुपयांची वस्तू.

उघडण्याची रीत सांगतो. पाठीवर एक स्क्रू दिसेल. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे असतो तसा बारीक चौफुली पेचकस त्यात पूर्ण दाबून बसवा आणि सावकाश फिरवा. घाईने फिरवला तर स्क्रूच्या डोक्यातील खाच झिजते. खाच आधीच झिजलेली असेल, तर पेचकस आणि स्क्रू यांच्यामध्ये रबर बँडचा चपटा तुकडा ठेवून दाबल्यास पकड मिळते. स्क्रू निघाला की छाती आणि पाठ असे दोन भाग सुटतात, आणि त्याबरोबर डोके आणि दोन्ही हातही मोकळे होतात. म्हणून हे काम पसरट ताटात करावे आणि उघडण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा डावा हात उजवीकडे बसवला होता आणि अर्धा दिवस तिच्यात काय चुकले आहे ते मला कळले नव्हते.

नवी कडी घेताना जुन्या कडीचे तुकडे एका चिमटीत घेऊन दुकानात न्या आणि तंतोतंत तेवढीच घ्या. मोठी घेतली तर पाय लोंबतात; लहान किंवा जाड घेतली तर ताण कमरेच्या त्या नाजूक तुकड्यावर येतो आणि तो तुकडा मधोमध तडकतो. या फिगर्समध्ये अंगठ्याखालोखाल सर्वांत जास्त मोडणारा भाग तोच आहे. कडी बसवल्यावर तेल लावू नका, खोबरेल तर नाहीच. काही रबरे तेलाने फुगतात, काही प्लॅस्टिके तेलाने तडकतात, आणि आपल्या हातात कोणते आहे हे ओळखणे कठीण असते.

ढिल्या खांद्यांसाठी फेव्हिकॉल वापरा. पांढरा फेव्हिकॉल गुळगुळीत प्लॅस्टिकला कायमचा चिकटत नाही, आणि इथे तोच त्याचा गुण आहे. खांद्याच्या गोळ्यावर काडीने अगदी पातळ थर द्या, रात्रभर पूर्ण वाळू द्या आणि मगच हात बसवा. वाळलेला थर गोळ्याची जाडी किंचित वाढवतो आणि हात हव्या त्या जागी थांबतो. नको वाटला तर तो थर नखाने सोलून निघतो. दुरुस्ती अशीच असावी, की पुढच्या माणसाला ती परत काढता यावी.

पंपवाला_दर्यापूर

कडीसाठी कुठे लांब जाण्याची गरज नाही. आमचे कृषी केंद्र आहे. फवारणी पंपाच्या नोझलमध्ये आणि दट्ट्यावर जी ओ-रिंग येते, जिला आपल्याकडे सगळे वायसरच म्हणतात, तिचे लहानमोठे डझनभर आकार कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. शक्य असेल तर काळी, चिवट, ताणून सोडली की लगेच मूळ आकाराला येणारी घ्यावी. लाल किंवा पांढरट सिलिकॉनची मऊ कडी ताण सहन करत नाही, धडाच्या कडेला घासून लवकर कातरते.

संत्राबाग

गुरुजी, चिकट फिगरबद्दल मी सांगते, कारण माझ्या भावाच्या पेटीत हेच झाले होते. मऊ भाग पी. व्ही. सी. चे असतात आणि त्यांना मऊ ठेवण्यासाठी त्यात एक तेलकट रसायन मिसळलेले असते. वर्षानुवर्षे बंद पिशवीत, त्यातही पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर, आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ठेवल्यावर ते रसायन पृष्ठभागावर येऊन साचते. बोटाला लागते तो चिकटपणा त्याचाच.

कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे चार थेंब टाकून, मऊ टूथब्रशने हलक्या हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. धातूचा भाग असेल तर तो आधी काढा, नाहीतर आत पाणी राहून गंज धरतो. काही महिन्यांनी चिकटपणा थोडा परत येईल, पुन्हा धुवावे लागेल. नेलपॉलिश काढण्याचे द्रव मात्र चुकूनही लावू नका. त्यातील ॲसिटोन कडक प्लॅस्टिक विरघळवते आणि चेहऱ्यावरचे डोळे पुसले जातात. अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, की मऊ पट्टा किंवा बूट दुसऱ्या फिगरच्या कडक अंगाला टेकवून ठेवू नये. ते पाझरलेले रसायन कडक प्लॅस्टिकवर कायमचा खड्डा पाडते.

आखडलेल्या कोपरासाठी एक उपाय करून पाहता येईल. फेव्हिक्विक वाळल्यावर थंडीत ठिसूळ होतो. फिगर कोरड्या डब्यात घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन-तीन तास ठेवा, बाहेर काढताच सांधा दोन्ही बाजूंनी अगदी थोडा थोडा हलवून पाहा. ‘कट्’ असा बारीक आवाज आला तर गोंद सुटला असे समजा. आवाज आला नाही तर पुन्हा आत ठेवा, जोर लावू नका. थंडीत गोंदाबरोबर प्लॅस्टिकही ठिसूळ झालेले असते.

एक इशारा वेगळा लिहिते, कारण आपल्या घरी ही वस्तू सदैव हाताशी असते. सांडलेला फेव्हिक्विक कधीही कापसाने पुसू नका. कापसावर तो इतक्या वेगाने घट्ट होतो, की क्षणात भाजण्याइतकी उष्णता निर्माण होते आणि धूर निघतो. माझ्या बोटावर त्याचा डाग अजून आहे.

कारागीर_आर्वी

ताईंच्या सगळ्या सूचनांशी सहमत आहे. फक्त चिरलेल्या कोपराबद्दल एक भर घालतो. तो सुटल्यावर चीर तशीच राहू द्या. मोडलेला भाग खरोखर जोडायचा असेल, उदाहरणार्थ मनगटातून तुटलेला हात, तर नुसत्या गोंदाने तो टिकत नाही. सोनाराकडे बारीक गिरमिट असते, त्याने दोन्ही बाजूंना छिद्र पाडून घ्यावे, मध्ये टाचणीचा कापलेला तुकडा बसवावा आणि मग दोन भाग मिसळून वापरण्याच्या इपॉक्सीने जोडावे. आमच्या गावातील सोनाराने माझ्या एका सैनिकाचे मनगट असे जोडून दिले, पैसे घेतले नाहीत, पण दुकानात आलेल्या प्रत्येकाला तो बाहुला दाखवत राहिला. १९६४ साली हॅस्ब्रोने पहिला जी. आय. जो काढला तेव्हा मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत म्हणून ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द पुढे केला होता. आमच्या सोनाराला त्याची काही अडचण वाटली नाही.

रंगाच्या वाटेला जाऊ नका असे माझे स्पष्ट मत आहे. झिजलेला मूळ रंग पुन्हा भरलेल्या रंगापेक्षा चांगला दिसतो. आणि हार्डवेअरच्या दुकानातील इनॅमल किंवा स्प्रे मऊ पी. व्ही. सी. वर मारला तर तो महिनोन्महिने वाळत नाही, हाताला लागतच राहतो.

जुनी_पेटी

ठेवण्याबद्दल थोडक्यात लिहितो. पत्र्याखालची किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेली जागा नको. आमच्याकडे अकोल्यात त्या भिंतीला टेकून ठेवलेली एक फिगर एका उन्हाळ्यात घोट्यातून पुढे वाकली. गरम पाण्यात बुडवून सरळ केली आणि लगेच थंड पाण्यात धरली, तेव्हा ती उभी राहिली. कूलरचा झोत थेट कपाटावर येऊ देऊ नका, पाठीतले स्क्रू गंजतात. काच असेल तर दारात थोडी फट ठेवा, हवा खेळली पाहिजे. थेट ऊन पडत असेल तर पांढरा भाग पिवळा होतो.

मुलीला मात्र द्याच. एक ठेवायची, चार खेळायच्या. आपल्या घरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आजोबांपासून नातवापर्यंत येतो, दरवर्षी त्याचे एखादे चाक बदलते, शिंगे रंगवली जातात, आणि तरीही तो तोच नंदी असतो. मी कपाशीच्या शेतात धुऱ्यावर आडवे पडून यांचे फोटो काढतो. पावणेचार इंची फिगर माणसाच्या सुमारे अठराव्या हिश्श्याची असते, त्यामुळे फुटलेले बोंड तिच्या हातात कलिंगडापेक्षाही मोठे दिसते. सकाळी साडेसहाच्या उन्हात, वारा सुटण्याआधी, कॅमेरा जमिनीला टेकवून काढून पाहा.

धुऱ्यावरचा_मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी हिशेब देत आहे.

कोपर दुसऱ्या खेपेला सुटले, आवाज अगदी ताईंनी लिहिला तसाच आला. पूर्ण वाकत नाही, पण बंदूक धरण्याइतके वाकते. पट्टा आणि टोप धुतल्यावर चिकटपणा बहुतेक गेला आहे. खांद्यांचा फेव्हिकॉल मी अर्धाच वाळू दिला होता, त्यामुळे हात बसवताना थर गोळा झाला. सोलून पुन्हा लावला, आता हात वर राहतो.

कृषी केंद्रात वायसर मागितले तेव्हा दुकानदाराने पंपाचे मॉडेल विचारले. मी खिशातून सैनिकाचे धड काढून काउंटरवर ठेवले. त्याने चष्मा लावून आत पाहिले, मागून वायसरांचा डबा आणला आणि आम्ही दोघांनी मिळून सहा कड्या लावून पाहिल्या. एक फिगर आता सरळ उभी राहते आणि मुलीने तिला माळ्यावरून काढलेल्या नंदीच्या पाठीवर बसवले आहे. दुसऱ्या फिगरला घेतलेली कडी मात्र किंचित जाड निघाली. स्क्रू आवळताना छाती आणि पाठ यांच्यात फट राहत होती आणि कमरेचा तुकडा पांढरा पडू लागला होता, म्हणून ती लगेच काढून ठेवली आहे. शनिवारी बाजाराच्या दिवशी त्याच दुकानात एक आकार बारीक पाहून येतो.